मुद्दा नसलेलं अपील

वकीलसाहेबांना गल्लीत सगळे रेडिओ म्हणत, तेही तोंडावर, कारण ऐकायला त्यांना फुरसतच नसायची. दाढ दुखते म्हणून डॉक्टरकडे गेले, तर डॉक्टरलाच दाढ म्हणजे काय ते समजावून परत आले. दाढ तशीच राहिली. घरी बायकोचं "अहो, ऐकलंत का" पुरं व्हायच्या आत यांचं उत्तर देऊन झालेलं असायचं.

असा माणूस फाईल पुढ्यात घेऊन चक्क गप्प बसला होता. अशील होता घड्याळजी. दुकानाशेजारच्या सलूनच्या भिंतीवरचं लंबकाचं घड्याळ त्यानं भरदुपारी काखोटीला मारून नेलं, असा आरोप. खालच्या कोर्टात साहेबांनी दोन तास खिंड लढवली, "माझ्या अशिलानं घड्याळाला हातसुद्धा लावलेला नाही!" घड्याळजी बिचारा मागून कोट ओढत होता. "गप्प बसा हो, बोलायचं काम माझं!" मग साक्षीला आली खुद्द घड्याळजीची सासू. साहेब तिच्यावर तुटून पडले. "जावयाला घड्याळ नेताना पाहिलंत? हो की नाही, एवढंच सांगा!"

"हो, पण..."

"पण नको!"

झालं. सहा महिन्यांची शिक्षा. आता अपील फेटाळलं, की घड्याळजी आत आणि दुकानाला कुलूप.

साहेबांनी फाईल सात वेळा वाचली. मुद्दा म्हणून सापडेना.

"नाही तर नाही म्हणून सांगा," बायको म्हणाली. दुसरं काही सुचलंच नाही, म्हणून पहिल्यांदाच त्यांनी तिचं ऐकलं.

दुसऱ्या दिवशी ते कोर्टात उभे राहिले. "मला मांडायला मुद्दाच नाही." आणि बसले.

साहेब उभे राहिले की सवयीनं डोळे मिटणाऱ्या जज्जबाई शांततेनं दचकून जाग्या झाल्या. साहेबांना काहीतरी झालं असं वाटून पट्टेवाला पाणी घेऊन धावला.

"मग आरोपीलाच विचारते," जज्जबाई म्हणाल्या. "तुम्हाला काही सांगायचंय?"

"घड्याळ मीच काढलं," घड्याळजी म्हणाला. "माझंच आहे ते! सलूनवाल्याचं दुरुस्तीला आलं होतं, तोवर माझं वापरायला दिलं. दोन वर्षं परत देईना. सासऱ्यांनी लग्नात दिलेलं, झाकणाच्या आत लिहिलंय बघा."

घड्याळ पुरावा म्हणून कोर्टाच्या टेबलावरच होतं. स्क्रूड्रायव्हर घड्याळजीच्याच खिशातून निघाला. झाकणाच्या आत कोरलं होतं: 'जावईबापूंना सप्रेम.' सलूनवाल्यानं मान खाली घातली.

"अहो, मग आधी का नाही बोललात?" जज्जबाईंनी विचारलं.

"वकीलसाहेबांची सक्त ताकीद होती ना, तोंड उघडायचं नाही!"

"मी तर सांगतच होते," मागून सासू कडाडली. "पण 'पण' म्हटलं की हे अंगावर यायचे!"

घड्याळजी सुटला, घड्याळ काखोटीला मारून गेला. साहेबांना मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. निर्दोष माणसाला ते स्वतःच आत घालायला निघाले होते.

संध्याकाळी घरी आले आणि स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"तुला काही सांगायचं होतं का गं?" एवढं विचारून ते खरोखर थांबले.

बायकोनं गॅस बंद केला आणि त्यांच्याकडे नीट बघून घेतलं.

"आधी जेवून घ्या," ती म्हणाली. "सव्वीस वर्षांचं साठलंय."