पेटीत जपलेला दिवा

आम्ही पोचलो तेव्हा त्या बाईला लिंबाच्या झाडाला बांधलं होतं आणि तिच्या अंगावर रॉकेल ओतून झालं होतं. ओतणाऱ्याच्या हातात काडेपेटी होती. त्या सकाळचा वास अजून माझ्या नाकातून गेलेला नाही.

काडेपेटी मी हिसकावली, फौजदारसाहेबांनी त्याला धरलं. मोहोळ तालुक्यातली ती वस्ती, वीज नव्हती. बांधलेली बाई शेजारच्या गावची, दारोदार सोलर दिवे विकणारी. ओतणाऱ्याची गरोदर बायको पहाटे चुलीपाशी भाजली होती. तिला सोलापूरला नेलं होतं. "सोलरचा दिवा फुटला," असं त्याच्या आईनं सांगितलं, आणि तेवढ्यात दिवेवाली पिशवी घेऊन वस्तीवर आली. कुणीतरी ठाण्यात फोन केला म्हणून आम्ही वेळेत पोचलो.

मी सातवी पास बाई हवालदार. मला एकच कळेना, रॉकेल आलं कुठून?

"डबा कुणाचा?" मी त्याला विचारलं.

"आमच्याच घरातला."

"घरात सोलर हाय, मग रॉकेल कशाला लागतंय रं?"

त्यानं आईकडं बघितलं. त्याच्या आईनं तोंडाला पदर लावला.

तिला मी एकटीला घरात घेतलं. "मावशी, फुटलेल्या दिव्याचं तुकडं दाव."

"फेकलं की."

"कुटं? चल, दोघी येचू."

मग कमरेची किल्ली काढून तिनं पत्र्याची पेटी उघडली. नव्या खणात गुंडाळलेला दिवा, धडधाकट.

"सुनंच्या बाळंतपणात लागंल म्हणून जपला. पोरगं रातपाळीला गेलं की रोज रॉकेलची चिमणीच लावत हुतो. तिच्या पदरानं चिमणीवर पेट घेतला. पोरानं हौसंनं आणल्याला दिवा, मीच कोंडून ठिवला. त्याला काय सांगू?"

जबाब घेतला. पंचनाम्यात नोंद करून दिवा तिच्या ताब्यात दिला. मुलाला गाडीत घातलं. गुन्हा तो गुन्हाच.

दिवेवालीचं डोकं मी हापशावर धुतलं.

"पोलीसबाई, लुगडं नवं हुतं की."

"डोळं मिट आधी."

ओल्या अंगानंच ती म्हातारीकडे गेली. "आजी, पेटीत ठिवून बॅटरी मरती. उनात ठिवायचा." आणि तिनंच दिवा छपराच्या पत्र्यावर ठेवला.

माणसं चांगली वस्तू जपून ठेवतात आणि वाईटावर दिवस काढतात. पुढं चौकशीला कुठंही गेले, की आधी पेटी उघडायला लावायचे.

सून वाचली. पोटातली मुलगी वाचली. दिवेवालीही वाचली.