नळाच्या रेघेवरचा दगड

त्या नळातून काय जाणार होतं, हे मला आजही सांगता येत नाही. पाणी, तेल, की गॅस? ज्याला विचारावं तो वेगळंच सांगे, आणि सांगणाऱ्यांपैकी एकालाही काही ठाऊक नव्हतं असं आता माझं पक्कं मत झालं आहे. नळ शेवटी आलाच नाही. पण त्याची मोजणी झाली, हरकती झाल्या, मंजुरीही झाली, आणि त्या सगळ्या खटाटोपात आमच्या घरात जे घडलं ते मात्र कायमचं राहिलं.

दुसऱ्या महायुद्धाचे, लढाईचे दिवस होते. आमचं गाव प्रवरेच्या काठी, कोल्हारपासून दोन-अडीच मैलांवर. वडील तिथल्या मिशनच्या शाळेत मुख्य मास्तर. मी एकोणीस वर्षांची, त्याच शाळेत बिगारीच्या, म्हणजे पहिलीआधीच्या वर्गातल्या मुलांकडून अक्षरं गिरवून घेत असे. गावात ख्रिस्ती घरं थोडी; बाकी सगळा शेतकरी गाव. एके दिवशी मनमाडच्या सडकेकडून साखळी, दुर्बीण आणि लाल निशाणं घेतलेली माणसं शेतांतून चालत आली. पुढे टोपीवाला ओव्हरसियर. थोड्या थोड्या अंतरावर ते चुन्यानं रंगवलेला दगड पुरत आणि पुढे सरकत. कुणाच्या बांधातून, कुणाच्या गोठ्यामागून अशी त्यांची सरळ रेघ चालली होती.

मग चावडीवर नोटीस लागली. तलाठ्यानं ती मोठ्यानं वाचली. कुणाला काही कळलं नाही, म्हणून वडिलांनी ती परत वाचली आणि अर्थ सांगितला. तरीही कळलं नाही. सार्वजनिक कामासाठी जमिनीखालून नळ जाणार, हरकत असेल त्यानं मुदतीत अर्ज द्यावा, एवढंच तिच्यात होतं. नळात काय, ते नव्हतं. लढाई आहे, असलं विचारायचं नसतं, असं तलाठी म्हणाला. म्हणजे त्यालाही माहीत नव्हतं.

गावानं मग आपापली उत्तरं काढली. कुणी म्हणे नगरच्या लष्करी छावणीला पाणी. कुणी म्हणे मनमाडहून पेट्रोल. आणि गॅसवाल्यांचा पक्ष तर फारच जोरात होता. पेट्रोल मिळत नसल्यानं तेव्हा सडकेवरची मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. तिच्या पाठीमागे ही भलीमोठी शेगडी बसवलेली असे. आता मनमाडला एकच प्रचंड शेगडी पेटवून तिथला गॅस नळानं नगरला सोडणार, असं त्या पक्षाचं म्हणणं. मी न राहवून ओव्हरसियरलाच विचारलं. तो हसला. म्हणाला, "बाई, परदेशात गॅस जमिनीतूनच निघतो. विहिरी खणतात त्याच्यासाठी. मग शेकडो मैल नळातून नेतात आणि त्यावर चुली पेटतात."

"आणि हा नळ?"

"ते मला कोण सांगतं? मला फक्त रेघ दिलीय."

जमिनीतून निघणारा वारा आणि त्यावर भाकरी! मी घरी येऊन हे सांगितलं तर आईनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

ती रेघ ओढ्यापलीकडे आमच्या स्मशानभूमीतून गेली, तेव्हा आमचं हसणं संपलं.

स्मशानभूमी म्हणजे कडुलिंबाखालचा एक तुकडा. पाटलांच्या आजोबांनी आमच्या लोकांना तो तोंडी दिलेला. कागदावर तो पडीक. कोरीव दगड वगैरे आमच्यात कुणाच्या आवाक्यात नव्हते, त्यामुळे थडगी म्हणजे नुसते धोंड्यांचे ढीग. त्यातला सगळ्यात लहान ढीग माझ्या भावाचा. आदल्या वर्षी घटसर्पानं गेला, तीन वर्षांचा होता. ओव्हरसियरचा पांढरा दगड त्याच्या पायथ्याशी, दोन पावलांवर पुरला गेला. नळ आला असता तर चर त्याच्या अंगावरूनच गेला असता.

आईनं ती दोन पावलं स्वतः टाकून पाहिली. एकदा उजव्या पायानं सुरुवात करून, एकदा डाव्या. मग घरी आली.

वडिलांचा अर्जांवर फार विश्वास. त्यांनी तीनदा कच्चा मसुदा केला, चौथ्यांदा पक्का लिहिला. अक्षर असं की छापील वाटावं. काही दिवसांनी उत्तर आलं: दप्तरी सदर जागा पडीक आहे, थडग्यांचा पुरावा सादर करावा. पुरावा कुठला आणायचा? चर्चच्या वहीत भावाचं नाव होतं, 'गावी पुरले' एवढंच पुढे होतं, सर्व्हे नंबर नव्हता. आपलं मूल कुठल्या सर्व्हे नंबरात पुरलं हे कोण लिहून ठेवतं? मला त्या उत्तराचा असा संताप आला की मी बिगारीच्या मुलांवर उगाच खेकसले. वडिलांनी मात्र शांतपणे पाचवा मसुदा लिहायला घेतला.

तिकडे गावच्या दुसऱ्या टोकाला वेगळंच चाललं होतं. मोजणीच्या गड्यांनी काम सुरू करताना पहिल्या दगडावर नारळ फोडला होता आणि कुंकू लावलं होतं. कुठलंही काम असंच सुरू करायचं, ही त्यांची रीत. गडी पुढे गेले, दगड तिथंच राहिला. कुंकू लावलेला दगड शेतात उभा म्हटल्यावर बायकांनी त्याला तेल घातलं, कुणी शेंदूर फासला, कुणाची गाभण म्हैस सुखरूप व्याली, आणि पंधरवड्यात तिथं म्हसोबा झाला. ओव्हरसियर परत आला तो डोक्याला हात लावून बसला. त्याच्याच दगडाला हात लावायची त्याला चोरी! त्यानं निमूट रेघ वीस हात बाजूला घेतली.

त्या दिवशी जेवताना आईनं विचारलं, "देवाला वळसा घालत्यात, व्हय?"

"नियमच आहे तसा," वडील म्हणाले. "देवस्थान मोडायचं नाही."

"आन् मेलेल्या मानसाला?"

"अर्ज केलाय ना." वडील ताटाकडे बघत म्हणाले.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर बातमी आली की स्मशानभूमीतल्या दगडाला शेंदूर लागला आहे. वडील तसेच कोटासकट निघाले, मी मागोमाग. खरंच होतं. माझ्या भावाच्या पायथ्याशी एक लालभडक देव बसला होता. वडिलांच्या कानशिलाची शीर उडताना मला दिसली. ते तडक शेजारच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर गेले.

"आमच्या पवित्र जागेत हे कुणी केलं?"

शेतकरी घाबरलाच. "मास्तर, देवाशप्पत सांगतो, आमच्यातलं कुनी न्हाई. तुमच्या मसनवट्यात आमी कशाला येऊ?" मग हळूच म्हणाला, "पर आता लागलाच हाय शेंदूर, तर पुसू नगा. लई वाईट हुतं पुसनाऱ्याचं."

आणि आपल्याकडून काही राहायला नको म्हणून दुसऱ्या दिवशी तोच येऊन नारळ फोडून गेला. त्याचं बघून आणखी दोघे आले. वडील एका संध्याकाळी खुरपं घेऊन ओढ्यापलीकडे गेले, दगडासमोर बराच वेळ उभे राहिले आणि खुरपं तसंच घेऊन परत आले.

मला खरी गोष्ट कळली ती धान्याच्या कणगीमागे सूप शोधताना. तिथं एक वाटी होती, फडक्यात गुंडाळलेली. आत तेलात कालवलेला शेंदूर. आमच्या घरात कुंकवाचा करंडासुद्धा नव्हता. माझी आई दर रविवारी पहिल्या रांगेत बसणारी, मास्तरांची बायको, सगळी गीतं तोंडपाठ. तिच्याकडे पाहिलं तर ती भाकऱ्या थापत होती, आणि नखांच्या कडा लाल होत्या.

"आई, हे तू?"

"बाबांना सांगू नगंस." तिचा हात थांबला नाही. "मी देव मानला न्हाई. मी फकस्त दगड रंगवला."

हे पाप होतं की नव्हतं? त्या आठवड्यात रविवारच्या शाळेत मुलांना दहा आज्ञा शिकवताना मी 'मूर्ती करू नकोस' या दुसऱ्या आज्ञेपाशी अडखळले आणि सरळ तिसरीवर गेले. आईचं बरोबर वाटे, आणि तसं वाटतं याचीच भीती वाटे. वडिलांना सांगावं असं वाटे, आणि ते समोर आले की मी शाळेचंच काहीतरी विचारत असे. देव म्हटलं की सरकार वाकतं आणि तीन वर्षांचं पोर म्हटलं की पुरावा मागतं, हा कुठला न्याय, हे तर मला कुणीच समजावून सांगितलं नाही.

हरकती ऐकायला प्रांतसाहेब चावडीवर आले. कारकून एकेक कागद पुढे करी, साहेब 'मंजूर', 'नामंजूर' म्हणत. आम्ही बायका मागे भिंतीशी उभ्या. ओव्हरसियरनं आपल्या टिपणात ओढ्यापलीकडे शेंदराचा दगड आढळल्याचं लिहिलं होतं. साहेबांनी विचारलं, त्या जागेच्या सगळ्यात जवळ कोण राहतं? सगळ्यांनी वडिलांकडे बघितलं.

"मास्तर, तुम्ही ख्रिस्ती," साहेब म्हणाले. "म्हसोबासाठी तुम्ही खोटं बोलण्याचं कारण नाही. म्हणून तुमचाच शब्द घेतो. तिथं देवस्थान आहे का?"

आईनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी आत रुतली. वडील आयुष्यात खोटं बोलले नव्हते. ही त्यांची कीर्ती होती आणि थोडा गर्वही होता. ते खाकरले. मग म्हणाले, "लोक तिथं नारळ फोडतात. मी डोळ्यांनी पाहिलं आहे."

"म्हणजे देवस्थान आहे?"

"नारळ फोडतात," वडील पुन्हा म्हणाले.

कारकुनानं लिहून घेतलं. थडग्यांचा अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी होता. त्याचं नावही कुणी काढलं नाही. महिन्याभरानं मंजुरीची दवंडी पिटली गेली. तलाठ्याकडच्या नकाशावर तांबडी रेघ आमच्या कडुलिंबाला वळसा घालून गेली होती. माझा भाऊ वाचला, असंच मला वाटलं. मेलेलं मूल वाचलं म्हणून आईचे डोळे भरून आले आणि तिनं पाठ फिरवली.

वडील मात्र त्या दिवसापासून चर्चमध्ये शेवटच्या रांगेत बसू लागले. प्रभुभोजनाची पवित्र भाकर वाटायच्या वेळी उठून बाहेर जात. कुणी विचारलं तर तब्येतीचं कारण. आईशी ते कामापुरतं बोलत आणि ती त्यांच्याकडे नजर वर करून बघत नसे. मला वाटे, त्यांना कुणाचा तरी संशय आहे आणि तो कधीतरी बाहेर पडेल. मी रोज त्याची वाट बघत होते.

पावसाळ्यात आई आजारी पडली. तिला नगरच्या दवाखान्यात ठेवलं. इकडे पावसात शेंदूर धुऊन गेला, आणि दसऱ्यानंतर बातमी आली की खणायला सुरुवात करण्याआधी दुसरे साहेब नकाशावरच्या सगळ्या खुणा जागेवर पडताळून बघणार. शेजारचा शेतकरी सुगीत अडकलेला, नारळवाल्यांचा उत्साह कधीच ओसरलेला. दगड फिकट दिसला तर? आई नाही, मग मीच का नाही, असं म्हणून मी कणगीमागे हात घातला. वाटी तिथं नव्हती.

शाळा सुटल्यावर मी तशीच ओढा ओलांडून गेले. कडुलिंबाच्या फांदीला वडिलांचा कोट टांगलेला होता. ते दगडासमोर उकिडवे बसले होते. सदऱ्याच्या बाह्या कोपरापर्यंत वर. शेजारी ती वाटी. दिवसभर खडू धरलेली बोटं शेंदरात बुडवून ते दगडाला लावत होते आणि ओठ हलत होते. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं. ते प्रभूची प्रार्थना म्हणत होते, अगदी सावकाश, भावाला झोपवताना म्हणत तशी. ती ते कुणासमोर म्हणत होते, ते मला तेव्हा कळलं नाही आणि अजूनही कळत नाही.

माझी चाहूल लागली तरी ते दचकले नाहीत. प्रार्थना पूर्ण केली. मग दगडाकडे डोळे बारीक करून बघत म्हणाले, "तुझी आई कडेला जाड लावते आणि मधे पातळ. तो खुरप्याचा दिवस आठवतो? तेव्हाच ओळखलं होतं. भाकरीलाही ती अशीच कडा ठेवते."

मला रडू आवरेना. वडील जरा बाजूला सरकले, वाटी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, "मागची बाजू राहिलीय. तेवढी तू कर."