भाऊजींचं गोपनीय पोट

आमच्या भाऊजींना कुणी "कसे आहात?" असं विचारलं, की ते आधी विचारणाऱ्याच्या मागे कोण उभं आहे ते बघायचे आणि मग खालच्या आवाजात सांगायचे, "यावर मला आत्ता काही बोलता येणार नाही." भाजीवाल्याला हेच उत्तर आणि चुलतसासूबाईंनाही हेच. नवख्या माणसाला वाटायचं, यांना काहीतरी असाध्य झालंय. जुन्यांना माहीत होतं, यांची पीएच.डी. चालू आहे.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात विधी विभागात अधिकारी. ताई दिल्लीतल्याच एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात पोटाच्या विकारांची डॉक्टर. लक्ष्मीबाई नगरात पहिल्या मजल्यावर त्यांचं सरकारी क्वार्टर होतं. देश नुकताच खुला झाला होता, गुडगावच्या पलीकडे शेतांमधून कारखाने उगवत होते, आणि त्यातल्याच मानेसरच्या एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मला नोकरी लागली. पुण्याहून सुटकेस घेऊन मी ताईकडे राहायला आले. "चार महिने राहीन," असं मी म्हटलं होतं. लग्न होईपर्यंत राहिले.

त्या काळात आमच्या अख्ख्या कॉलनीला शेअरचं वेड लागलं होतं. दूध आणायला गेलेली माणसं पब्लिक इश्यूचे फॉर्म घेऊन परत यायची. भाऊजींकडे मात्र एकही शेअर नव्हता, आणि त्यांच्या प्रबंधाचा विषय होता इनसायडर ट्रेडिंगचा कायदा. याबद्दल कुणी चिडवलं तर म्हणायचे, "काविळीवर संशोधन करायला पिवळं व्हावं लागत नाही."

कायदा साधा होता. कंपनीच्या आतली गोष्ट जगाच्या आधी ज्याला कळते, तो आतला माणूस. त्यानं त्या माहितीच्या जोरावर शेअर घेऊ नयेत, विकू नयेत आणि ती माहिती कुणाला सांगूही नये. इथवर कुणालाही पटेल. भाऊजींना झोप लागू देत नसे तो प्रश्न वेगळाच होता: हा आतला माणूस संपतो कुठे? "समज, एका मॅनेजिंग डायरेक्टरची पँट शिंप्याकडे कंबरेत आत घ्यायला आली," ते मला भाजी निवडता निवडता विचारायचे. "माणूस काळजीनं वाळलाय. म्हणजे कंपनीचं बरं चाललेलं नाही. आता तो शिंपी आतला की बाहेरचा?" मी म्हणायचे, "भाऊजी, तो कदाचित डाएट करत असेल." यावर ते गवार खाली ठेवायचे आणि दुसऱ्या खोलीत जाऊन काहीतरी लिहून यायचे.

हे सगळं घराबाहेरच्या शिंप्यांपुरतं होतं तोवर ठीक होतं. मग ताईच्या विभागात अल्सरवरच्या एका नव्या गोळीची चाचणी सुरू झाली. निम्म्या रुग्णांना खरी गोळी द्यायची, निम्म्यांना तशीच दिसणारी साखरेची. कुणाला काय मिळतंय ते रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही. गोळी बनवणारी कंपनी शेअर बाजारात नोंदलेली होती. ताईनं हे सहज जेवताना सांगितलं. भाऊजींनी घास तसाच ताटात ठेवला, उठून कायद्याचं पुस्तक आणलं, नातेवाइकांबद्दलचं कलम वाचलं, आणि एखादी गोड बातमी सांगावी अशा चेहऱ्यानं म्हणाले, "मी आतला माणूस आहे."

त्या दिवसापासून आमच्या घरात जेवण म्हणजे कसरत झाली. ताईनं "आज वॉर्डात..." एवढं म्हटलं रे म्हटलं, की भाऊजी चमच्यानं ताट बडवायला लागायचे. माहिती कानावर पडलीच नाही तर ती फुटण्याचा प्रश्न येत नाही, हा त्यामागचा विचार. पुढे पुढे त्यांना "आज" या शब्दाचीच धास्ती बसली. एकदा ताई कितीतरी वेळ काहीतरी सांगू बघत होती आणि भाऊजी ताट वाजवत होते. शेवटी ती ओरडली, "अहो, आज मटकी भिजत घालायची राहिली, एवढंच सांगतेय मी!" भाऊजी थांबले, विचार केला आणि म्हणाले, "मटकी चालेल."

दिवाळीला त्या कंपनीनं सगळ्या डॉक्टरांना भिंतीवरची घड्याळं पाठवली. भाऊजींनी ताईचं घड्याळ घरात घ्यायला साफ नकार दिला आणि आणणाऱ्या माणसाला परत पाठवलं. त्या बिचाऱ्यानं ते खाली तळमजल्यावर राहणाऱ्या बत्राजींकडे ठेवून दिलं. बत्राजी म्हणजे दुसऱ्या एका मंत्रालयातले लेखाधिकारी, मोठ्या मनाचे गृहस्थ, आणि कॉलनीतले सर्वांत कडवे शेअरवाले. घड्याळाच्या तबकडीवर कंपनीचं नाव ठसठशीत छापलेलं होतं. इतक्या दिवसांत जी गोष्ट कुणालाही ठाऊक नव्हती, ती भाऊजींच्या सचोटीमुळे बत्राजींना कळली: डॉक्टर भाभीजी कुठल्या कंपनीच्या औषधावर काम करतात.

झालं. बत्राजी संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसायला लागले. ताई बसमधून उतरली की तिचा चेहरा बघायचे. हसरी असली तर, "क्या बात है भाभीजी, आज तो सब अच्छा ही अच्छा!" आणि थकलेली दिसली तर दलालाला टेलिफोन करायला धावायचे. भाऊजींच्या हे लक्षात आल्यावर त्यांनी ताईला विनंती केली, की तिनं रोज एकसारखा चेहरा करून घरी यावं. ताई म्हणाली, "पंचवीस एंडोस्कोप्या केल्यावर एकच चेहरा उरतो. तोच घेऊन येते मी." भाऊजींचं समाधान झालं. बत्राजींचं झालं नाही. ते आता भाऊजींकडे बघायला लागले.

आणि नेमकं तेव्हाच भाऊजींचं पोट जळायला लागलं.

पुढचं सगळं आम्हाला फार उशिरा कळलं, पण घडलं त्या क्रमानंच सांगते. बायको याच विषयातली डॉक्टर असताना तिच्याकडे जाणं म्हणजे ओळखीचा गैरफायदा, म्हणून भाऊजी गुपचूप यमुनेपलीकडच्या एका हॉस्पिटलात गेले. रांगेत उभं राहून तपासून घेतलं. अल्सर निघाला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, एका नव्या गोळीची चाचणी चालू आहे, भाग घेणार का? कागदावर त्याच कंपनीचं नाव होतं. ती चाचणी अनेक हॉस्पिटलांत एकाच वेळी चालू होती. दुसरा कुणी असता तर उठून आला असता. भाऊजींनी विचार केला: नकार दिला तर हे कारण विचारणार, कारण सांगितलं तर बायकोचं नाव येणार, आणि नाव आलं की माहिती फुटणार. त्यांनी सही केली.

आता ते खरोखरच आत गेले होते. जी माहिती अख्ख्या बाजाराला हवी होती, ती त्यांच्या जठरात होती. बरं वाटलं तर गोळी चांगली, दुखलं तर गोळी वाईट. दोन्ही गोष्टी जाहीर व्हायच्या आधी कुणाला कळता कामा नयेत. म्हणून भाऊजींनी बरं दिसणं सोडलं आणि आजारी दिसणंही सोडलं. पोटात कळ आली की ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे टक लावून बघायचे. मी विचारायचे, "भाऊजी, काय झालं?" ते म्हणायचे, "एकादशी कधी आहे ते बघतोय." त्यांनी जन्मात कधी एकादशी केली नव्हती.

रविवारची मिसळ हा या सगळ्याचा कळस. कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहाच्या कँटीनमध्ये दर रविवारी जाऊन मिसळ खायची, हा भाऊजींचा लग्नाआधीपासूनचा नेम. ती बंद केली असती तर बत्राजींनी ताबडतोब ओळखलं असतं. म्हणून त्यांनी ती चालू ठेवली. एका रविवारी बत्राजी मुद्दाम बरोबर आले. भाऊजींनी तर्री जास्त मागितली. बत्राजी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. भाऊजींनी डोळ्यांत आलेलं पाणी पुसून आणखी एक प्लेट सांगितली. "वाह भाईसाहब, क्या हाज़मा है!" असं म्हणत बत्राजी प्रसन्न मुद्रेनं उठले, आणि सोमवारी बाजार उघडताच त्यांनी त्या कंपनीचे शेअर घेतले. इकडे भाऊजींच्या पोटात रक्त झिरपायला लागलं होतं.

त्याच आठवड्यात त्यांची तोंडी परीक्षा होती. ताईला सुट्टी मिळेना, म्हणून मी गेले. विद्यापीठातली ती लांबट खोली, मध्ये टेबल, पलीकडे मुंबईहून आलेले एक वयस्कर प्राध्यापक. भाऊजी पांढरेफटक दिसत होते, पण परीक्षेला बसलेला माणूस तसाच दिसतो. शिंप्याच्या उदाहरणावर प्राध्यापक मनापासून हसले. वातावरण छान झालं. मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "समजा, आतली गोष्ट जवळ बाळगल्यानं त्या माणसाचंच नुकसान होत असेल, तर?"

"तरीही त्यानं गप्प राहावं," भाऊजी म्हणाले.

"पण कुठवर?"

भाऊजींनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि टेबलावर रक्ताची उलटी केली. प्रबंधाची समोरची प्रत भिजली. प्राध्यापक खुर्चीसकट मागे सरकले. मी धावले, तर भाऊजी माझा हात धरून पुटपुटत होते, "बत्राला कळू देऊ नकोस."

ताईच्याच हॉस्पिटलात नेलं. ती कॅज्युअल्टीत धावत आली, स्ट्रेचरवर आपला नवरा बघितला, त्याची नाडी धरली आणि विचारलं, "कधीपासून होतंय हे?"

भाऊजींनी स्ट्रेचर ढकलणाऱ्याकडे बघितलं, नर्सकडे बघितलं. "इथे बाहेरची माणसं आहेत," ते म्हणाले.

लग्न झाल्यापासून ताईनं त्यांना "अहो" सोडून दुसरी हाक मारलेली मी ऐकली नव्हती. ती ओरडली, "अरे गाढवा, मी डॉक्टर आहे तुझी!"

"तू बायकोही आहेस," भाऊजी क्षीण आवाजात म्हणाले. "आणि कायद्याच्या व्याख्येप्रमाणे बायको..." एवढं बोलून ते बेशुद्ध पडले. बायको म्हणजे काय, हे अर्धवटच राहिलं.

रक्ताच्या बाटल्या चढल्या, दुर्बीण घालून रक्त थांबवलं. दोन दिवस ताई त्यांच्याशी उपचारापलीकडे एक अक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले, तर ती पलंगाशेजारी स्टुलावर बसून बोलत होती. आपल्या संशोधनाबद्दल. पहिल्या रुग्णापासून सगळं. तो मोतीबागेचा ड्रायव्हर कसा दर वेळी पेढे घेऊन यायचा, आकडे जमेनात तेव्हा ती प्रयोगशाळेत बसून कशी रडली होती, आणि आता जगभर डॉक्टर म्हणायला लागलेत की अल्सर मुळात एका जंतूमुळे होतो, साध्या अँटिबायोटिकनं बरा होतो, तेव्हा हे सगळं बहुधा फुकटच जाणार. भाऊजी ऐकत होते. हाताला सुई लावलेली होती, जवळ ताटही नव्हतं. पण एकूण बघता, ताट असतं तरी त्यांनी ते वाजवलं नसतं. मी डबा दाराशीच ठेवला आणि परत फिरले.

त्यांना अँटिबायोटिकचाच कोर्स दिला आणि पोट कायमचं बरं झालं. चाचणीचे निकाल आले तेव्हा कळलं, भाऊजींना मिळत होती ती गोळी साखरेची होती. ताईला वाटलं, ते संतापतील. ते फक्त खचले. "म्हणजे माझ्याकडे आतली माहिती नव्हतीच?" दोन दिवस हेच म्हणत होते. कंपनीनं पुढे ती गोळी सोडून दिली आणि शाम्पू काढला. बत्राजी फळं घेऊन भेटायला आले. "भाईसाहब, एक इशारा तो कर देते यार," म्हणाले. भाऊजींनी नजर खाली घालून मोसंबी सोलली आणि निम्मी त्यांना दिली.

पदवी मिळाली, पण त्यासाठी प्राध्यापकांनी एक अट घातली: गप्प राहण्याच्या मर्यादेवर आणखी एक प्रकरण लिहावं. भाऊजींनी ते लिहिलं. माणसाच्या शरीरातलं दुखणं ही त्याची स्वतःची गोष्ट आहे, ते सांगण्यापासून कुठलाही कायदा त्याला रोखू शकत नाही, असा त्याचा मथितार्थ. आणि मग त्यांनी स्वतःला त्यात असं झोकून दिलं, की आम्हाला जुने दिवस बरे वाटायला लागले. मी मानेसरला मीटिंगमध्ये असायचे आणि फोन यायचा, "काल रात्री कुळथाचं पिठलं खाल्लं. सकाळी पोट साफ झालं नाही. तुझ्या कानावर असावं म्हणून सांगतोय." लग्नानंतर माझ्या नवऱ्यालाही हे अहवाल मिळू लागले. तो बिचारा म्हणायचा, "तुझे भाऊजी मला का सांगतात?" मी म्हणायचे, "आता तू आतला झालास."

निवृत्तीनंतर ते गुडगावच्या एका उंच इमारतीत राहायला गेले. गेल्या हिवाळ्यात त्यांना पुन्हा पोटाचा त्रास सुरू झाला, आणि या वेळी पहिल्याच दिवशी त्यांनी ताईला सांगितलं. स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. पहिल्या दिवशी सांगूनही उशीरच झाला होता.

रिपोर्ट आला त्या दुपारी एका तरुण डॉक्टरीणबाईंनी ताईला आणि मला खोलीबाहेर बोलावलं. कॉरिडॉरमध्ये उभ्या राहून त्या फाइल उघडत होत्या, तेवढ्यात आतून भाऊजींचा आवाज आला, "डॉक्टर साहिबा, पहले अंदरवाले को बताइए."

त्या आत आल्या. इंग्रजीत सुरुवात केली, अडखळल्या, मग हिंदीत सगळं सांगितलं. किती पसरलाय, काय करता येईल, काय करता येणार नाही. भाऊजींनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. सांगून झाल्यावर त्यांनी विचारलं, "पहली बार बताया किसी को?"

डॉक्टरीणबाईंनी होकारार्थी मान हलवली.

"बहुत साफ़ बताया आपने. अब बैठिए, पानी पीजिए."

त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या. ताईनं ग्लास भरून दिला आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्या पाणी पिईपर्यंत भाऊजी त्यांच्याकडे बघत राहिले.

होळीच्या आधी ते गेले. त्यानंतर काही दिवसांनी त्या डॉक्टरीणबाई पत्ता शोधत घरी आल्या. चहा संपवला आणि मग ताईला म्हणाल्या, "सर टीचर थे क्या?"

ताईनं रिकामा कप बाजूला ठेवला. "नहीं," ती म्हणाली. "स्टूडेंट थे. सीखने में बहुत टाइम लगता था उनको."