खुर्चीजवळून जाणारा हात

लातूरच्या एका डाळ मिलमध्ये मी रोबोटचा हात बसवायला गेलो, तेव्हा मालकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "जाळी बसवा, आणि जाळीच्या आत माणूस नको." बोलणं बरोबरच होतं. तीस किलोचं पोतं उचलून फिरणारा लोखंडी हात समोर माणूस आहे की खांब, बघत नाही. घोळ एवढाच होता की त्याच्या फिरण्याच्या घेरात एक खुर्ची येत होती.

त्या खुर्चीवर पोत्यांची तोंडं शिवणाऱ्या मावशी बसायच्या. जळकोटकडच्या, पन्नाशीच्या. भरलेलं पोतं सरकत्या पट्ट्यावरून समोर आलं की वरून टांगलेलं शिलाईचं मशीन ओढायचं, तोंड सरळ धरून टाका घालायचा, पोतं पुढं सोडायचं. पट्ट्याच्या टोकाला ते उचलून थप्पी लावायचं काम आता माझ्या रोबोटकडं आलं होतं. जाळी मावशी आणि हात यांच्या मधून गेली तर खुर्ची राहणार होती. मधून जागा निघाली नाही तर जाळी खुर्चीच्या पलीकडून जाणार, शिलाईला आपोआप चालणारं मशीन येणार आणि मावशी घरी. मालक मनानं वाईट नव्हते. "बघा जमलं तर," एवढं ते म्हणाले होते.

मावशींनी चहाच्या वेळी मला गाठलं. "दादा, माझी खुर्ची राहतीय का न्हाई, तेवढं सांगा."

"दोन दिवस द्या," मी म्हणालो. आवाजात जेवढी खात्री होती तेवढी मनात नव्हती.

मी मुखेडचा, आता नांदेडला राहतो, आणि गावाकडं माझ्या तापट स्वभावाची ख्याती आहे. रोबोटच्या बाबतीत मात्र मी भित्रा आहे. आधीच्या एका कारखान्यात मी सांधे मोकळे सोडले आणि हात सरळ खांबावर जाऊन आदळला. कुणाला लागलं नाही, पण तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही. तेव्हापासून मी आधी बांधून टाकतो. खांदा इतकाच फिरेल, कोपर इतकंच वाकेल, मनगट इतकंच वळेल.

इथंही तेच केलं. जाळीला मधून आरामात जागा निघाली, पण हात थप्पीच्या लांबच्या कोपऱ्यापर्यंत पोचेना. आखूड दाव्याला बांधलेल्या बैलासारखा तो गव्हाणीच्या अलीकडं थांबायचा. तीन कोपऱ्यांत पोती आणि चौथा रिकामा. रोबोट थांबवला की हमाल येऊन तो कोपरा स्वतः भरायचे आणि दात काढायचे. मालक म्हणाले, "मग रोबोट घेऊन काय केलं?" खांदा जरा सैल करावा, तर लांब पसरलेला हात पोत्यासकट बरोबर खुर्चीवरून फिरायचा. आवळला की कोपरा सुटायचा, सोडला की मावशींचं डोकं वाटेत यायचं. दोन दिवस यातच गेले. शेवटी मी हमालांवर खेकसलो, "हसायला काय झालं?"

त्यांच्यातले एक म्हातारे हमाल, ज्यांना सगळे चाचा म्हणायचे, रागावले नाहीत. चाचांच्या घरात तीन पिढ्या पोती उचलत आल्या होत्या. ते म्हणाले, "गुस्सा कामून करून राहिले, बाबा? दोन थप्प्यांच्या मधून आमी पोतं कसं नेतो, कधी बघितलं का?"

खरं सांगायचं तर नव्हतं बघितलं. थप्प्यांच्या मधली वाट एका माणसापुरतीच असते. चाचांनी पोतं छातीशी कवटाळलं, कोपरं अंगाला चिकटवली, पावलांवर वळले, आणि जागेसमोर आल्यावरच हात लांब केले. "आधी जवळ घ्यायचं, मंग वळायचं, मंग सोडायचं. लांबवून वळलं की कुनाच्या तरी टाळक्यात बसतंय."

मला स्वतःचीच लाज वाटली. खांदा किती फिरतो, हा प्रश्नच नव्हता. कोणत्या वळणावर हात किती लांब असावा, हा होता. कॉलेजात यावर मी पानं भरून लिहिलं होतं, पण भीती बसली की शिकलेलं आठवत नाही. मी खांदा मोकळा केला आणि बंधन दुसरीकडं घातलं. खुर्चीच्या बाजूला कोपर मिटलेलंच राहील, ती बाजू ओलांडली की हवं तेवढं उघडेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधून जाळी उभी केली, आणि हातानं पोतं उचललं, जवळ घेतलं, वळून, मग उघडून चौथ्या कोपऱ्यात ठेवलं. मला इतका आनंद झाला की मी चाचांना मिठीच मारली.

मावशी मात्र दारातच उभ्या.

"बसा की मावशी. मधी जाळी हाय. हात जाळीपर्यंत येतच न्हाई."

"आधी तुमी बसा."

बसलो. जाळी आणि हात यांच्यात दीड वीत अंतर सुटतं, हे मीच मोजलेलं. पोतं घेऊन हात आला, वळला, आणि माझी मान आपोआप खांद्यात गेली. दुसऱ्या पोत्यालाही गेली. तिसऱ्यालाही. हमाल हसले. या वेळी त्यांचं काही चुकलं नव्हतं.

मावशी हसल्या नाहीत. "मला दिसभर बसायचंय, दादा. एका हातात मशीन, नजर पोत्याच्या तोंडावर. असं दचकून राहिले तर सुई बोटात जाईल."

हे माझ्या कुठल्याच हिशेबात नव्हतं. मी उठलो, त्या बाजूला हात आणखी मिटवला आणि तेवढ्या वळणापुरता त्याचा वेग कमी केला. मालक घड्याळ बघत आले. "हळू झालं की हो."

"हाव, झालं," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता. "मी तिथं बसून बघितलंय. तुम्हीपण बसा."

मालक बसले. नव्या वेगानं एक पोतं गेलं. मग मी मुद्दाम जुना वेग लावून दुसरं सोडलं. ते उठले, शर्ट झटकला आणि म्हणाले, "हळूच राहू द्या."

मावशींनी पदर खोचला, खुर्ची थोडी पुढं ओढली आणि मशीन हातात घेतलं. पट्टा सुरू झाला. पहिलं पोतं जाळीपलीकडून फिरून गेलं, तेव्हा मी त्यांच्या मानेकडंच बघत होतो. त्यांनी टाका पुरा केला, दोरा तोडला आणि पुढचं पोतं ओढलं. वर बघितलंच नाही.