कुडपणच्या पोटऱ्या

कुसुम, हे पत्र उभ्याने वाचू नकोस. बस आधी, चांगली मांडी घालून बस. समोर असतीस तर कान धरून जवळ ओढली असती आणि मगच बोलले असते. तुझ्या आईने सगळं कळवलंय मला. खो-खोच्या सरांनी सांगितलं, अंग हलकं कर, म्हणजे चटकन उठून पळता येईल, आणि तेव्हापासून तू ताटातली अर्धी भाकरी मांजराला घालतेस. मांजर चांगलं गुबगुबीत झालंय म्हणे. तिकडे बिरवाडीला कारखान्यात जाणारा तुझा दादा कच्ची अंडी गिळतो आणि आरशापुढे दंड फुगवतो. शहाणी आहात गो तुम्ही भावंडं. पण फार रागवायचं तोंड मला नाही, कारण हा शहाणपणा आपल्या घरात पहिल्यांदा मीच केला. तुझ्या आजोबांची थोरली बहीण, ही तुझी आत्याआजी. कसा केला ते सांगते. दादालाही वाचून दाखव. अक्षरं मी मुंबईत आल्यावर माझी मीच गिरवली, तेव्हा वेलांट्या चुकल्या तर हसू नका.

मी कुडपण सोडलं तेव्हा सोळा वर्षांची होते. लग्नाला वर्ष होऊन गेलं होतं. सासर पलीकडच्याच वाडीत, डोंगर तोच. यजमान गिरणीत लागले होते, खोली मिळाल्यावर न्यायला आले. आई पोलादपूरपर्यंत खाली आली. डोक्यावर माझी पेटी तिनेच घेतली होती, मला हात लावू दिला नाही. बैलगाडी जुंपली. गाडी हलली तेव्हा म्हणाली, "पाय सांभाळ गो. बाकी समदं शिकशील." एवढंच. मला वाटलं, रडेल, गळ्यात पडेल. ती तशीच वळली आणि चढाला लागली. महाड आलं, दासगावला होडीत बसलो, बाणकोटला आगबोट, आणि बोटीत मी पोटातलं सगळं समुद्राला दिलं.

मुंबईत चाळीत राहायला गेले आणि पहिल्याच दिवशी नळावरच्या बायकांनी माझे पाय पाहिले. नऊवारीचा काचा मारलेला, पोटऱ्या उघड्या. डोंगर चढून उतरून, गवताचे भारे वाहून झालेल्या त्या पोटऱ्या, वरवंट्यासारख्या. एकजण दुसरीला म्हणाली, बाई आणलीय की जातं आणलंय. मीही हसले. खरं सांगते, तेव्हा मला काही वाटलं नाही. दोन घागरी डोक्यावर, एक काखेत, अशी मी तिसऱ्या मजल्यावर जायची आणि हसणाऱ्या बायका पहिल्या जिन्यावर टेकायच्या. त्याच नंतर म्हणायला लागल्या, आमचीही एक खेप आण गो.

आमचे यजमान तालमीत जायचे. अंगाने सडसडीत, पण चपळ. समोरच्याचा पाय कधी उचलला ते त्याला पाठ टेकल्यावर कळायचं. पण तालमीचे वस्ताद काही खूश नव्हते. ते म्हणायचे, लोक आधी अंग बघतात, मग डाव. मान दिसायची बंद झाली की समज पैलवान झालास. मग काय, दूध, तूप, केळी, पुन्हा दूध. तूप कुडपणहून यायचं. माझ्या सासरी चार म्हशी होत्या, मुंबईला निघालेल्या प्रत्येकाच्या हाती एक डबा. पैलवानाचं पोट म्हणजे सगळ्या वाडीची जबाबदारी. तिसरा पेला तोंडाला लावताना ह्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. मी विचारलं तर म्हणायचे, तूप ताजं आहे, वासाने येतं पाणी.

आणि माझं काय झालं, तर लेझीम. आमच्या चाळीच्या अंगणात गिरगावातून एक शिक्षिका यायच्या, पोरीबाळींना आणि आम्हा नवीन सुनांना लेझीम, हुतुतू, लंगडी शिकवायला. आम्ही त्यांना ताई म्हणायचो. यजमान तालमीतले म्हणून मला परवानगी, नाहीतर कोण सोडतंय. पहिल्यांदा लेझीम हातात घेतली आणि काय सांगू तुला कुसुम, माझ्या अंगात असं काही वाजू लागलं की चूल, पाणी, गिरणीचा भोंगा, सगळं विसरले. बैठक मारून उसळी घ्यायची तर माझ्याइतकी खाली कुणी बसायचं नाही आणि माझ्याइतकी वर कुणी उठायचं नाही.

मग ठरलं, मोठ्या मैदानावर कवायत दाखवायची, पाहुणे यायचे. ताईंनी रांगा लावल्या. पुढे सगळ्या शिडशिडीत पोरी, वेलीसारख्या. मला शेवटच्या रांगेत. मी विचारलं, माझं चुकतं का? ताई स्वभावाने फार चांगल्या होत्या, खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "चुकत नाही गं. पण पुढची रांग डोळ्यांना नाजूक दिसायला हवी. तू मागेच शोभतेस."

नळावरचं जातं मला लागलं नव्हतं, हे लागलं. ताईंचा हात मऊ होता म्हणूनच लागलं असेल. त्या दिवसापासून माझं एकच, पुढची रांग. कवायतीला तीन महिने होते. कुणीतरी सांगितलं, कुळथाचं कढण चरबी झाडतं. मी दोन्ही वेळेला कढण प्यायला लागले, वर भाकरी नाही. रात्री जुन्या लुगड्याच्या पट्ट्या पोटऱ्यांना करकचून बांधून झोपायची, म्हणजे त्या आटतील. पाय सुजायचे, आटायचे कसले. माझ्या वाटची भाकरी ह्यांच्या ताटात. ते नको म्हणायचे, मी म्हणायची, वस्तादांनी सांगितलंय ना? ते मुकाट्याने खायचे. एकाला खाऊन रडू यायचं, दुसरीला न खाऊन, आणि दोघं एकमेकांना सांगत नव्हतो. खोली ती केवढी, पण लपवायचं म्हटलं की माणूस पेटीएवढ्या जागेतही लपवतो.

असे दोन महिने गेले आणि शिमगा आला. शिमग्याला गावी गेलं नाही तर कुडपणचा माणूस कसला. आम्ही निघालो. पोलादपूरपर्यंत सगळं ठीक. मग चढ लागला. तोच चढ, जो मी पोर असताना नाचणीची पाटी डोक्यावर घेऊन पळत चढायची.

पहिल्या वळणावर हे थांबले आणि म्हणाले, काय देखावा आहे बघ. मी बघितला. दुसऱ्या वळणावर पुन्हा देखावा. तिसऱ्या वळणावर त्यांनी गुडघ्यावर हात टेकले होते, तोंड लालभडक, धाप भात्यासारखी, आणि तरी म्हणतात, इथून तर फारच छान दिसतं. जन्म त्या डोंगरावर गेलेला माणूस! मला हसायला आलं, पण हसायलाही अंगात जोर हवा. माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. मी ऐनाच्या झाडाला धरायला गेले आणि खाली बसले. डोक्यावरची पेटी गडगडत उताराला. झाकण उघडलं, लुगडी करवंदीच्या जाळीत, आणि आईसाठी आणलेली बिस्किटं रानभर.

आई आम्हाला घ्यायला अर्ध्या वाटेवर आली होती. वरून बघत उभी. आधी बिस्किटं गोळा केली, फुंकर मारून पदरात घेतली. मग ह्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग माझ्या पायांवरच्या पट्ट्यांच्या वळांकडे. म्हणाली, "जावयबापू, बसा वाईच. आन तू गो? दोघांचं जेवान एकटेच जेवतात काय हे?"

ह्यांनी मान खाली घातली. खरं म्हणजे मान तोवर दिसेनाशी झाली होती.

आईने पेटी भरली, चुंबळ केली, पेटी डोक्यावर ठेवली आणि चालायला लागली. पन्नाशीची बाई, एक हात कमरेवर. मी मागून चालत होते, वर बघायची ताकद नव्हती म्हणून तिच्या पायांकडे बघत होते. आणि कुसुम, तिथे माझ्याच पोटऱ्या माझ्यापुढे चालत होत्या. त्याच गोल, त्याच काळ्या, मधे तीच चीर. एकेका दगडावर रुतायच्या आणि सगळा डोंगर खाली ढकलायच्या. दोन महिने मी कुणाचे पाय आवळून बांधत होते ते मला तेव्हा कळलं. रडले मी, पण फार नाही. आई पुढे जाईल म्हणून पाय उचलावे लागत होते.

घरी तिने आधी जेवायला वाढलं. नाचणीची भाकरी, वर लोण्याचा गोळा. दुसरी भाकरी संपल्यावर विचारलं. मी सांगितलं सगळं, पुढची रांग, मागची रांग. तिला आधी समजेचना. मग म्हणाली, "मागं ठेवलं म्हून रडतंस? भारे घेऊन उतरताना आपल्यात मागं कोन चालतं?"

आपल्याकडे गवताचे भारे घेऊन बायका ओळीने उतरतात ना, त्यात सगळ्यात खमकी बाई शेवटची. पुढची घसरली, कुणाचा भारा कलला, तर सावरायला ती. मी तेरा वर्षांची असताना आईने मला पहिल्यांदा शेवटी चालायला सांगितलं, तेव्हा मी वाडीभर मिरवले होते. आणि मुंबईत त्याच जागेवरून सुटायला मी उपाशी मरत होते.

पंधरा दिवस आम्ही दोघं भावंडांसारखे जेवलो, हसलो, पालखीपुढे नाचलो. ह्यांनी दुधाचा पेला दारातल्या वासरापुढे धरला आणि म्हणाले, हो बाबा तू पैलवान. परत गेल्यावर वस्ताद महिनाभर बोलले नाहीत. हे सडसडीतच राहिले, सडसडीतच लढले, काही जिंकले, बरेच हरले. मोठा पैलवान काही झाले नाहीत. पण साठी उलटल्यावर गावी गेले तेव्हाही चढाला एकदाही देखावा बघितला नाही.

आणि मी? पुढची रांग मला मिळाली नाही, कधीच नाही. गोष्टीत मिळाली असती. कवायतीच्या दिवशी मी पोटभर खाऊन शेवटच्या रांगेत उभी राहिले आणि अशी लेझीम वाजवली, की पुढच्या पोरी गोंधळल्या तेव्हा ताई ओरडून त्यांना सांगत होत्या, मागचा ठेका धरा. नंतर ताई माझ्याकडे आल्या, माझ्या हातातली लेझीम घेऊन तिचा सैल झालेला खिळा ठोकून दिला. मला पुरलं. पुढे हुतुतूत त्यांनीच मला घेतलं, आणि तिथे मला धरून ठेवायला चार जणी लागायच्या.

आता मला कुडपणला चढवत नाही. गुडघे गेले. आई कधीच गेली, ते घरही तुझ्या काकांनी नव्याने बांधलं. लोक विचारतात, गावाची आठवण येत नाही का? येते की. पण आंघोळीला बसते, पायावर पाणी घेते, तेव्हा पोटरीवरून हात फिरतो आणि गाव तिथेच असतं. सुरकुतलंय, पण आहे. तुझ्या आईने धाडलेल्या फोटोत तू खो-खोच्या रांगेत बसलीयस, तुझेही पाय मी बघितले. माझा जीव एवढ्यासाठीच अडकलाय, की तू त्यांना उपाशी ठेवतेस. सरांना सांग, वेगाने उठायला पाय लागतो, आणि पाय भाकरीवर चालतो. नाही ऐकलं तर मला कळव, मी लिहिते त्यांना.

परीक्षा संपली की ये. दादाला घेऊन ये, त्याला अंडी इथेही मिळतील, शिजवून. मला जिना उतरून घ्यायला येता येणार नाही, पण कठड्याशी खुर्ची टाकून बसेन. उशीर करू नकोस हो बाय, लवकर ये.