बसून काढलेले चार महिने

माझे सासरे व्हिजिट व्हिसावर आमच्याकडे सौदीत राबिघला आले तेव्हा शहात्तर वर्षांचे होते. रत्नागिरीकडच्या आमच्या खाडीकाठच्या गावात त्यांनी सारी हयात मच्छीमार बोटीवर तांडेल म्हणून, बोटीचा प्रमुख म्हणून काढलेली. बोट सोडल्यावरही रोज बंदरावर जायचे आणि मासळीची पिशवी घेऊन चढण चढून घरी यायचे. सासूबाई वारल्यावर माझ्या नवऱ्याने त्यांना बोलावून घेतलं.

मक्केला जाऊन उमरा झाला, मदिनेला जाऊन आलो, आणि उन्हाळा सुरू झाला. बाहेर पाऊल टाकवत नव्हतं. अब्बा एसीत सोफ्यावर बसून राहू लागले. ते उठायला लागले की मी म्हणायची, "बसा अब्बा, मी देते." पाणी, चहा, चष्मा, सगळं हातात. सासऱ्यांची सेवा घडतेय याचं मला समाधान होतं.

दोनेक महिन्यांनी ते सोफ्यावरून उठताना दोन्ही हातांनी रेटा देऊ लागले. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यांना उघडेना. मग एकदा नमाज पढताना सजद्यात कपाळ जमिनीला टेकल्यावर उठताच येईना. नवऱ्याने काखेत हात घालून उठवलं. दुसऱ्या दिवसापासून ते खुर्चीवर बसून नमाज पढू लागले. पोट होतं तेवढंच होतं, पण पायजम्यात मांड्या कुठे दिसत नव्हत्या. "वय झालं," आम्ही म्हणालो. जेवणही कमी झालं होतं. चहा आणि इथली खबूस रोटी, बस.

चौथ्या महिन्यात, दुपारनंतरच्या असरच्या नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला गेले असताना ते पडले. फरशी कोरडी होती. बेसिनपासून वळले आणि गुडघ्याने दगा दिला. मी धावले तर शांतपणे म्हणाले, "बाय, हा पाय माझा ऐकत नाय."

खुब्याचं हाड मोडलं होतं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, चांगलं झालं. इजिप्तचे डॉक्टर राउंडला आले, सोबत केरळची नर्स होती, ती त्यांचं बोलणं आम्हाला हिंदीत सांगत होती. डॉक्टरांनी चादर बाजूला करून अब्बांची दुसरी, न मोडलेली मांडी दाबून पाहिली. कातडी बोटांत सैल आली.

"या पायाला तर काही झालेलं नाही," नर्स म्हणाली. "डॉक्टर विचारतायत, मग यावरचं मांस कुठे गेलं?"

डॉक्टरांनी चादर परत ओढली आणि नर्स पुढे सांगू लागली.

"हे पडल्यामुळे झालेलं नाही. ताकद आधीच गेली होती, म्हणून पडले. आता अंथरुणात राहिले तर उरलंसुरलंही भराभर जाईल. अंडी, मासे, डाळ द्या. आणि रोज उभं करा, दुखलं तरी."

माझ्या डोळ्यांपुढे तो सोफा आला. नवऱ्याकडे बघायची हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर मी वॉकर पुढे धरायची आणि म्हणायची, "उठा अब्बा." ते भिंतीकडे तोंड करायचे. नवरा ड्युटीवरून आला की त्यांना सरळ उचलून बाथरूमला न्यायचा.

"चालू दे त्यांना," मी म्हणाले.

"माझा बाप कळवळतोय आणि मी बघत बसू?"

"उचललंस तर ते कायमचे झोपतील."

अब्बांनी ऐकलं होतं. त्या संध्याकाळी त्यांनी स्वतःहून वॉकर मागितला आणि पलंगापासून दारापर्यंत गेले. दारात थांबून धापा टाकत राहिले. पिंढऱ्या थरथरत होत्या. पुढचे पंधरा दिवस ते रोज तेवढंच चालले, दारापर्यंत. त्याच्या पुढे कधी गेले नाहीत.

व्हिसा संपत आला. जेद्दाहून व्हीलचेअरवर बसवून त्यांना विमानात चढवलं. नवरा पोचवायला गेला आणि आठवड्याने परतला. गावात थोरले दीर आणि जाऊबाई आहेत. मी फोनवर जाऊबाईंना सगळं समजावलं. अंडी द्या, वॉकर द्या, दिवसातून चार वेळा तरी उभं करा.

गेल्या शुक्रवारी मी फोन केला आणि विचारलं, "अब्बा चालतात का?"

"तू काय पण काळजी करू नको," जाऊबाई प्रेमाने म्हणाल्या. "आम्ही त्यांना अंथरुणातून हलूच देत नाय. चमच्याने पेज भरवते मी."

मी अब्बांना फोन द्यायला सांगितला. त्या म्हणाल्या, झोपलेत. तिकडे तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.