मास्तरांच्या कौतुकाचा मेल

सोलापूरच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी कॉम्प्युटर सांभाळतो. मध्यंतरी आमची काही डिझाईनं दुसऱ्यांच्या मालावर दिसली आणि मुंबईच्या हेड ऑफिसनं हुकूम काढला, की यापुढं कंपनीचा प्रत्येक मेल संरक्षित राहील. ज्याला आला त्यानं फक्त वाचायचा. पुढं पाठवता येणार नाही, छापता येणार नाही, आणि महिनाभरानं तो उघडणारही नाही. फोनसुद्धा गेटवर जमा.

मी टेबलाटेबलावर जाऊन ही व्यवस्था बसवली. पासवर्ड पुन्हा घालायचा, हेड ऑफिसच्या सर्व्हरशी जोडून घ्यायचं, चाचणीचा मेल पाठवायचा. प्रिंटचं बटण दाबलं जात नाही असं दिसलं, की पुढचं टेबल.

डिझाईन मास्तर खिडकीपाशी बसायचे. साठीला आलेले, घरी तेलुगू बोलणारे. उभा जन्म टॉवेलांचे काठ काढण्यात गेला. त्यांच्या बायकोच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आधी ती विड्या वळायची. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस आणि बाकीचे दिवस खाटेवर.

एका सकाळी मास्तरांनी मला बोलावलं. "हे वाचून सांगा की. माझं नाव दिसतंय, पण इंग्रजी लई हाय."

परदेशातल्या गिऱ्हाईकाचा मेल होता. चिंचेच्या पानांचा काठ ज्यानं काढला त्याला आमचा नमस्कार सांगा, इतकं नाजूक काम आम्ही क्वचितच बघतो, असं त्यात मास्तरांचं नाव घेऊन लिहिलं होतं. हेड ऑफिसनं तो तसाच त्यांच्याकडं पाठवला होता.

मास्तरांनी पडद्यावरच्या आपल्या नावावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "एक कागद काढून द्या. हिला दाखवतो. जन्मभर म्हणत आली, तुमचं काम कोण बघतंय म्हणून."

प्रिंट निघेना. कॉम्प्युटरवरूनच पडद्याचा स्क्रीनशॉट घेतला तर नुसता काळा चौकोन आला. मी टेबलावरच्या फोनवरून हेड ऑफिसला फोन लावला. तिथल्या बाई सौम्यपणे म्हणाल्या, "समजतंय मला, पण सवलत द्यायचा अधिकार माझ्याकडं नाही. तुम्ही लेखी विनंती पाठवा." पाठवली. पुन्हा पाठवली. उत्तर आलं नाही.

तिकडं मास्तरांच्या बायकोची तब्येत ढासळत होती. शेवटी मी पडद्यावरचा मजकूर पेनानं एका कोऱ्या कागदावर उतरवला, खाली मराठीत अर्थ लिहिला आणि संध्याकाळी मास्तरांबरोबर त्यांच्या घरी गेलो.

काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. पाय सुजलेले, हातावर सुयांचे डाग. मी सगळं वाचून दाखवलं. त्यांनी कागद मागून घेतला, डोळ्यांजवळ धरला.

"हे तर पेनानं लिवलंय," त्या म्हणाल्या. "कुणी लिवलं?"

"मीच, काकू. पण मेल खराच आलाय. कंपनीनं छापायला बंदी केलीय."

"कौतुकाला कशाला बंदी करतील?"

मी समजवायला लागलो. संरक्षण, परवानगी, सर्व्हर. माझं बोलणं मलाच बनावट वाटायला लागलं. त्या थकून हसल्या. नवऱ्याकडं बघून म्हणाल्या, "मला बरं वाटावं म्हणून ह्या पोराला खोटं बोलायला लावलं व्हय तुमी?"

मास्तर उठून चहा ठेवायला आत गेले. मी मोरीजवळ कप विसळताना त्यांच्या पाठीकडं बघत होतो. त्यांनी शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत काकू गेल्या.

दिवस-कार्य उरकून मास्तर कामावर आले, तेव्हा मेल येऊन महिना उलटून गेला होता. त्यांनी सगळ्यात आधी तोच मेल उघडायला घेतला. या संदेशाची मुदत संपली आहे, एवढीच ओळ आली. त्यांनी मला हाक मारली. मी बघितलं. करण्यासारखं काही नव्हतं. पुन्हा हेड ऑफिसला लिहू का, असं विचारलं.

"आता कुणाला दाखवायचंय?" ते म्हणाले. "ती मला खोटा समजूनच गेली."

मी बाजूच्या रिकाम्या खुर्चीत बसून राहिलो. बाहेर माग चालू होते, त्यामुळं धीराचा एखादा शब्दही ओरडूनच सांगावा लागला असता.